मेसेज आपला, पेटी त्यांची

सध्या जो तो उठतो आणि गच्चीवरच्या टाकीला सेन्सर बसवतो. चांगलंच आहे. पण ‘टाकी भरली’ हा मेसेज गच्चीवरून हॉलमध्ये यायला परदेशी कंपनीच्या क्लाउडमधून का जावा लागतो, हे कुणी विचारतच नाही!

अ‍ॅझ्युर आयओटी हबचं घ्या. आलेले मेसेज वाचायला पायथनची छोटी स्क्रिप्ट पुरते, हे खरं. पण मेसेज तिथे मुळात १ दिवस राहतात, सेटिंग बदललं तरी जास्तीत जास्त ७. स्क्रिप्ट शनिवार-रविवार बंद राहिली की शनिवारचा डेटा सोमवारी गायब. साठवायची सोय वेगळी, तिचे पैसेही वेगळे.

बरं, सेवा तरी कायमची? गूगलने २०२२ मध्ये वर्षभराची नोटीस दिली आणि १६ ऑगस्ट २०२३ ला आयओटी कोअर बंद केलं. ज्यांच्या उपकरणांत तोच पत्ता पक्का बसवलेला होता, त्यांनी काय करायचं?

‘स्वतःचा सर्व्हर कोण सांभाळणार?’ हजारो उपकरणांच्या कारखान्याने हे जरूर म्हणावं, पैसेही मोजावेत. पण पाच सेन्सरवाल्याने? एमक्यूटीटी १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनींसाठी, महागड्या सॅटेलाइट लिंकवर चालावं म्हणून बनलं. घरच्या रास्पबेरी पायवर मॉस्किटो ब्रोकर आरामात चालतो, आणि तो फुकट आहे.

क्लाउड घ्यायचाच तर निदान दोन गोष्टी करा. प्रत्येक मेसेज स्क्रिप्टने लगेच स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहा, आणि उपकरणातला सर्व्हरचा पत्ता बदलता येईल असा ठेवा. नाहीतर टाकी तुमची आणि हिशेब त्यांच्याकडे. असो.