यंत्र कारकुनाचे की मालकाचे?

यंत्राला आंधळा विरोध करणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. यंत्र कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारणे मात्र आपले कामच आहे. मोठ्या उद्योगांचे हिशेब, खरेदी व पगारपत्रके सांभाळणाऱ्या संगणकप्रणाली विकणाऱ्या एसएपी या जर्मन कंपनीने सप्टेंबर 2023 मध्ये ‘जूल’ नावाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक जाहीर केला. कारकुनाने साध्या भाषेत विचारावे, “कोणाची बिले थकली आहेत?”, आणि यंत्राने उत्तर द्यावे, अशी ही योजना. सांकेतिक आकडे पाठ करून पडद्यामागून पडदे उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला ती दिलासा देईल, यात शंका नाही.

परंतु जानेवारी 2024 मध्ये याच कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेवर भर देणारी पुनर्रचना जाहीर केली आणि सुमारे 8000 पदांवर तिचा परिणाम होईल असे सांगितले. स्वेच्छानिवृत्ती व पुनर्प्रशिक्षण यांतून बहुतेकांची सोय होईल, असे आश्वासनही दिले. श्रम वाचले, वाचलेला वेळ कोणाचा?

प्रश्न एवढाच नाही. यंत्राचे उत्तर कारकुनाने केलेल्या नोंदींवर उभे असते. ते चुकले तर जाब सही करणाऱ्याला विचारला जाणार. शिवाय विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाची नोंद राहू शकते. कोण किती वेळा अडला, याचा हिशेब मांडला की सहायकाचा मुकादम होण्यास कितीसा अवधी लागतो?

जर्मन कामगारांच्या हाती येथे एक शस्त्र आहे. एसएपीची स्थापना झाली त्याच 1972 सालच्या कायद्यानुसार, वर्तनावर वा कामगिरीवर देखरेख ठेवू शकणारे साधन मालकाला एकतर्फी आणता येत नाही. त्यासाठी निवडून आलेल्या कामगार-परिषदेची सहमती किंवा लवादमंडळाचा निर्णय लागतो. 2021 च्या दुरुस्तीने, कृत्रिम बुद्धिमत्तेची पारख करण्यासाठी तज्ज्ञाचे साहाय्य घेण्याचा परिषदेचा हक्कही मान्य केला.

आपल्याकडेही बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी 1983 साली व्यवस्थापनाशी करार करूनच संगणकाला वाट दिली होती. हे यंत्र आज आपल्या कचेऱ्यांच्या दाराशी आले आहे. तेव्हा संघटनांनी तीन अटी आताच मांडाव्यात: प्रश्नांच्या नोंदी कामगिरी मोजण्यासाठी वापरू नयेत, यंत्राच्या चुकीचा भार कर्मचाऱ्यावर टाकू नये, आणि यंत्राची घडण ठरविताना ते वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी उपस्थित असावेत. करार आधी, यंत्र नंतर.