बोलावू तेव्हा येणारे सल्लागार



वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून एक चौकट येते. टाइप इतका बारीक की चष्मा असूनही भिंग घ्यावे लागते. अमुक महानगरपालिकेला शहर नियोजन आणि पुनर्विकासाच्या कामांसाठी सल्लागारांचे पॅनेल नेमायचे आहे, अनुभव इतक्या वर्षांचा हवा, उलाढाल इतक्या कोटींची हवी, अर्ज अमुक तारखेपर्यंत. आपण बहुतेक जण ती चौकट ओलांडून शब्दकोड्याकडे जातो. पण निवृत्त शिक्षकाला वेळ भरपूर आणि खोड जुनी, त्यामुळे मी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

अमेरिकेतल्या भाच्याला मी फोनवर याबद्दल विचारले. तो म्हणाला, "आत्या, आमच्याकडेही असेच असते. 'ऑन-कॉल कन्सल्टंट' म्हणतात." शहर आधी काही कंपन्या पारखून ठेवते, काही वर्षांचा करार करते, आणि काम निघाले की त्यांतल्या एकीला बोलावते. दर वेळी नवे टेंडर नको, महिन्याचा पगार नको, निवृत्तिवेतन तर नकोच! ऐकायला सोय मोठी छान वाटते. पण ही सोय नेमकी कोणाची, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

आधी एक सांगून टाकते. पुनर्विकासाला माझा विरोध नाही. गळक्या छताखाली आणि टेकू लावलेल्या जिन्यावर राहण्यात कसलाही सांस्कृतिक वारसा नसतो. मुंबईतल्या बी.डी.डी. चाळी १९२०च्या दशकातल्या. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्यावर सामायिक संडास. त्यांतल्या वरळीच्या पहिल्या काही कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या लोकांना कोणी जुन्या चाळीतल्या शेजारधर्माच्या गोष्टी सांगू नयेत. सल्लागारांनाही माझा विरोध नाही. जुन्या इमारतीचे आयुष्य किती उरले, नव्या वस्तीचे सांडपाणी कुठे न्यायचे, रहदारी किती वाढेल, मालकीहक्काचा गुंता कसा सोडवायचा, या प्रत्येकाचा जाणकार वेगळा. इतके सगळे जाणकार कोणतीही पालिका कायम पगारावर ठेवू शकणार नाही.

मग अडचण कुठे आहे?

आमच्या शिक्षणक्षेत्रात 'तासिका तत्त्वावर' नावाचा प्रकार आहे. म्हणजे शिक्षक तासापुरता येतो, शिकवतो आणि तासाचे पैसे घेऊन जातो. असे किती तरी तरुण शिक्षक मी पाहिले. त्यांतले काही तर आम्हा कायमस्वरूपी मंडळींपेक्षा चांगले शिकवत. दोष त्यांचा मुळीच नव्हता. पण तिसऱ्या बाकावरची मुलगी सोमवारी का येत नाही, पुढे बसणाऱ्या मुलाला फळ्यावरचे दिसत नाही म्हणून तो पुढे बसतो की घाबरतो म्हणून, हे त्यांना ठाऊक नसे. ते कळायला तास संपल्यावर शाळेत थांबावे लागते आणि थांबण्याचे पैसे त्यांना कोणी देत नव्हते. शहराचेही तसेच आहे. इमारतींची मोजमापे तासिका तत्त्वावर घेता येतात. वस्ती कळायला मात्र थांबावे लागते.

बाहेरचा माणूस म्हणजे वाईट, असेही मी म्हणत नाही. इतिहास उलटे सांगतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद, सरळ रस्ते काढायचे, हा त्याचा मोठा कार्यक्रम. रस्ते झाले, हवा खेळू लागली. पण पाडलेल्या घरांतली पुष्कळ गरीब माणसे शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत कोंबली गेली. म्हणजे गर्दी हटली नाही, नुसती सरकली.

त्यानंतर १९१४ मध्ये पॅट्रिक गेडिस नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ भारतात आले. मूळचे जीवशास्त्रज्ञ. आजच्या भाषेत तेही बोलावू तेव्हा येणारे सल्लागारच! संस्थानिक बोलावत, ते जात, अहवाल लिहून देत. पण त्यांची रीत निराळी होती. ते गल्लीबोळांतून पायी हिंडत. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध होता. अगदीच मोडकळीला आलेली मोजकी घरे काढा, तिथे मोकळी जागा ठेवा, झाड लावा, विहीर स्वच्छ करा, बाकीची वस्ती जागच्या जागी सुधारेल, असे ते सांगत.

होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी केलेला अहवाल १९१८चा. प्लेगच्या भीतीने शहर गांजलेले होते. तिथे त्यांनी दिवाळीची मिरवणूकच स्वच्छतेसाठी वापरली. ज्या भागातली घरे आणि रस्ते सर्वांत नीटनेटके, त्या भागातून मिरवणूक जाणार असे जाहीर केले. झाले! आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून लोकांनी घरे झाडली, रंगवली, कचऱ्याचे ढीगच्या ढीग हलवले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिकृतीही होती. अशी युक्ती कचेरीत बसून नकाशावर सुचत नाही. त्या गावाला कशाचा अभिमान वाटतो, हे ज्याने पाहिले त्यालाच ती सुचते.

गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्याच शिफारशीवरून गो. स. घुर्ये इंग्लंडला शिकायला गेले आणि परत येऊन त्यांनी हा विषय आपल्याकडे रुजवला. म्हणजे हा सल्लागार अहवाल ठेवून गेला तसा माणूसही तयार करून गेला. माझ्या मते चांगल्या सल्लागाराची ही खरी कसोटी. तो गेल्यावर मागे काय उरते? जाणते माणूस उरते, की नुसती फाईल?

दुसरे उदाहरण चंडीगढचे. ल कॉर्बूझिए यांचे नाव सगळ्यांना माहीत. ते पॅरिसला राहत आणि करारानुसार वर्षातून दोनदा येत. पण त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे १९५१ मध्ये आले ते १९६५ पर्यंत चंडीगढमध्येच राहिले. उन्हातान्हात काम करून घेतले, स्थानिक तरुण वास्तुविशारद घडवले, साध्या कर्मचाऱ्यांची घरे आखली. पुढे त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थी तिथल्याच सुखना तलावात विसर्जित झाल्या. येऊन-जाऊन असणाऱ्या प्रतिभावंताच्या मागे असे कोणी तरी राहणारे होते, म्हणून ते शहर कागदावरून जमिनीवर उतरले. आपण हल्ली कॉर्बूझिए शोधतो, जानरेंची जागा मात्र रिकामी ठेवतो.

आणि आताचे? २०१५ मध्ये स्मार्ट सिटी योजना आली. निवडलेल्या शहरांना प्रस्ताव तयार करण्यासाठी दोन-दोन कोटी रुपये मिळण्याची तरतूद होती, आणि सल्लागार कंपन्यांची यादीही केंद्राकडूनच राज्यांना आली होती. शंभर शहरे, प्रत्येकाची नदी वेगळी, बाजार वेगळा, पाऊस वेगळा. पण सगळ्यांची भाषा बघता बघता एकसारखी झाली. आमच्या शहराच्या एका सादरीकरणाला मी गेले होते. सुबक चित्रे, हिरवीगार झाडे, सायकल चालवणारी गोरी माणसे! सगळे इंग्रजीत. माझ्या शेजारी बसलेल्या भाजीवाल्या बाईंनी विचारले, "यात आमचा कट्टा कुठं हाय?" मी चित्रात शोधला. नव्हता.

ही केवळ भावनेची बाब नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला. वस्त्यांत, सोसायट्यांत पाणी शिरले, माणसे वाहून गेली. या ओढ्याचा प्रवाह पेशवाईतच वळवलेला. पुढे काठावर शहर वाढत गेले आणि ओढा आक्रसत गेला. पाणी पूर्वी कुठवर येत असे, कुठल्या गल्लीत दर पावसाळ्यात उंबऱ्याशी फळी लावावी लागते, हे त्या भागातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते. तीन महिन्यांच्या मुदतीत अहवाल देणाऱ्याला ते कळावे तरी कसे? आणि पालिकेत ज्याला ते ठाऊक होते तो निवृत्त झाला, त्याची जागा भरलीच नाही. मग पुढच्या कामाला पुन्हा नवा सल्लागार, पुन्हा पहिल्यापासून सर्वेक्षण. आपण तेच ज्ञान पुनःपुन्हा विकत घेतो आणि दर वेळी हरवून बसतो.

याच पुण्यात धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले संस्थेने शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. ती पाहणी गावात राहणाऱ्या संस्थेची, म्हणून ज्ञान गावात राहिले आणि आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. एखाद्या सल्लागाराचा वीस वर्षांपूर्वीचा अहवाल आज पालिकेत मागून बघा बरे!

आता जरा घरचे. आमची सोसायटी चाळीस-पंचेचाळीस वर्षांची, आणि तिच्याही पुनर्विकासाचे वारे वाहत आहेत. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली सरकारने २००९ मध्ये आणि सुधारून २०१९ मध्ये निर्देश काढले, त्यांनुसार सोसायटीने सभा घेऊन आपला सल्लागार नेमायचा असतो. आमच्याकडेही एक हुशार तरुण आला. कार्पेट एरिया किती वाढेल, कॉर्पस किती, दरमहा भाडे किती, सगळे तक्त्यात चोख. तळमजल्यावरच्या काकूंनी हळूच विचारले, "तीन वर्षं मी कुठे राहू? एकट्या म्हातारीला भाड्याने घर कोण देतो?" तरुण गोंधळला, कारण त्याच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. त्याला मी दोष देत नाही. आम्ही त्याला तो रकाना काढायला सांगितलेच नव्हते, आणि त्याची फी चौरस फुटांवर ठरली होती. आता सभेच्या इतिवृत्तात तो प्रश्न मी लिहून घ्यायला लावला आहे. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय सही नाही, असे आम्ही सहा-सात घरांनी ठरवले आहे. काही शेजारी रागावले आहेत. रागावोत बापडे. त्यांचीही वये वाढतच आहेत.

एका सोसायटीत जे होते तेच मोठ्या प्रमाणावर शहरात होते. सल्लागार आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. प्रश्न विचारणारे शहाणे कोणी पालिकेतच नसेल, तर उत्तर कितीही हुशारीचे असो, काय उपयोग?

यावर कोणी म्हणेल, "बाई, कायम नोकरीतली माणसे तरी कुठे काम करतात?" खरे आहे. वर्गात पेंगणारे कायमस्वरूपी शिक्षक मीही पाहिले आहेत. कायम नोकरी म्हणजे आपोआप आस्था नव्हे. पण पेंगणाऱ्याला निदान पालक येऊन जाब विचारू शकत. करार संपवून गेलेल्याला कुठे गाठणार?

माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी करता येतील. पालिकेने शहर नियोजनाच्या स्वतःच्या रिकाम्या जागा आधी भराव्यात, मग पॅनेल करावे. सल्लागाराने वस्तीत किती दिवस पायी फिरायचे आणि कोणाकोणाशी बोलायचे, हे करारातच लिहावे. अहवाल मराठीत असावा आणि बिल देण्यापूर्वी तो वॉर्ड ऑफिसात लोकांना वाचायला ठेवावा. आणि फीचा काही हिस्सा, लोक नव्या घरांत राहायला जाऊन एक-दोन पावसाळे उलटेपर्यंत, राखून ठेवावा. गळती पहिल्या पावसातच कळते ना!

१९९३ पासून लागू झालेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगर नियोजन हा विषय पालिकांच्या कामांच्या यादीत घातला. ते काम बाहेर देता येईल, पण जबाबदारी बाहेर देता येत नाही. सल्लागाराला फोन करून बोलावता येते. शहराला मात्र तिथेच राहायचे असते, आपल्यालाही.

तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीत काय चालले आहे, जरूर कळवा. आणि पुढच्या वेळी ती बारीक टाइपातली चौकट दिसली तर शब्दकोड्याआधी वाचा. एवढेच आज.