कांचनजुंगा आणि दिल्लीची जबाबदारी
८,५८६ मीटर उंचीचे कांचनजुंगा हे सिक्कीमचे रक्षक दैवत. १९५५ मध्ये पहिली यशस्वी चढाई करणारे ब्रिटिश गिर्यारोहकही राजाला दिलेल्या शब्दाखातर माथ्याच्या काही फूट खालीच थांबले. २००१ मध्ये सिक्कीम सरकारने आपल्या बाजूने चढाईस बंदीच घातली. परंतु शिखर सीमेवर असल्याने नेपाळमधील वाट खुली राहिली. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे पथक २०१९ मध्ये तेथूनच गेले. मे २०२५ मध्ये मात्र संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील संस्थेच्या पथकाने शिखर गाठले, तेव्हा मुख्यमंत्री प्रेमसिंग तमांग यांनी केंद्राकडे आक्षेप नोंदवला. तो रास्तच म्हणावा लागेल. नेपाळला रोखणे दिल्लीच्या हाती नाही. सरकारी पथके अन्य शिखरांकडे वळवणे मात्र निश्चितच आहे.