कुरणांतील तण आणि मार्चअखेर

वाघांची गणना जाहीर झाली की वृत्तपत्रांचे रकाने भरतात. वाघ ज्या सांबर-चितळांवर जगतो त्यांची चौकशी त्या मानाने कमी होते, आणि ही जनावरे ज्या गवतावर जगतात त्याचा विचार तर क्वचितच कोणी करतो. २०२५ साली ताडोब्याहून सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात वाघीण आणण्यात आली, तेव्हाही चर्चा झाली ती वाघिणीची. चांदोलीतील उठून गेलेल्या गावांच्या शिवारांत खाण्याजोगे गवत किती आणि तण किती, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मेळघाटातील कोहा, कुंड, बोरी किंवा ताडोब्यातील जामणी, नवेगाव ही गावे पुनर्वसनासाठी हलविण्यात आली व त्यांची शेते वन्यप्राण्यांसाठी मोकळी झाली. परंतु नांगर थांबलेल्या जमिनीत पवन्या, मारवेल, शेडा ही सकस गवते आपोआप उगवतात, अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. अशा जमिनीत आधी माजतो तो तरोटा, ज्याला आपण इकडे टाकळा म्हणतो, आणि त्याच्या जोडीला रानतुळस. आषाढात टाकळ्याची कोवळी भाजी आपण आवडीने खातो. पण वाढलेल्या टाकळ्याला सांबर-चितळ सहसा तोंड लावीत नाहीत. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेत आणलेली घाणेरी आज देशभरच्या जंगलांत पसरली आहे. १९५५ च्या सुमारास ज्याची पहिली नोंद खुद्द पुण्यात झाली, त्या गाजरगवताबद्दल पुणेकरांना अधिक सांगावयास नको.

तण काढण्याची रीत अवघड नाही. अवघड आहे ती वेळ साधणे. टाकळा फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावा लागतो. नुसता कापला तर तो पुन्हा फुटतो, आणि शेंगा धरल्यावर काढला तर काढणाराच बी पसरवितो. या बियांचे कवच इतके टणक असते की त्या जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. घाणेरीचे मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटे खोल तोडून झुडूप उलटे करून ठेवावे लागते. मोकळ्या झालेल्या जागी लगेच देशी गवताचे बी पडले नाही, तर पुढच्या पावसात तेच तण परत येते. हे काम एका वर्षाचे नव्हे. ओळीने चार-पाच पावसाळे ते करावे लागते.

येथेच अर्थशास्त्राचा संबंध येतो. सरकारी हिशेबाचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. मंजुरी, अंदाजपत्रक, निविदा, वाटप या पायऱ्या चढेपर्यंत पावसाळा कसा उलटतो आणि मार्चअखेर खर्चाची कशी धांदल उडते, हे कोणत्याही खात्यातील कारकून अधिक चांगले सांगू शकेल. मार्चमध्ये वाळलेला टाकळा कापला तर कागदावर हेक्टर भरतात, बी मात्र जमिनीतच राहते. दुसरी खोड अशी की कुरण हे एकदा बांधून मोकळे व्हावे अशा इमारतीसारखे गणले जाते. वस्तुतः त्याचा मोठा खर्च देखभालीचा आहे. पहिल्या वर्षी पैसे देऊन तिसऱ्या वर्षी हात आखडता घेणे म्हणजे आधीचाही खर्च बुडविणे होय.

वेल्हे-केळद रस्त्यावरील पासलीसारख्या गावात भाताची आवणी आटोपली आणि बेणणी झाली की कापणीपर्यंत हाताला फारसे काम नसते. नेमका हाच, भाद्रपदाच्या आगेमागेचा काळ टाकळा उपटण्याचा! मजूर रिकामा आणि तण उपटण्याजोगे, असा योग निसर्गाने जुळवून दिला असताना पैसा तेवढा हजर नसावा, याला काय म्हणावे? १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कल्पना मोठ्या प्रमाणावर राबविणाऱ्या आणि १९७७ साली तिचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला हे अशक्य नाही. तणनाशक स्वस्त पडते असे सांगितले जाते. पण जी जागा जनावरांच्या चरण्यासाठी राखावयाची, तिच्यावर औषध फवारणे मला तरी पटत नाही. त्यात मजुरीही गावात राहत नाही.

आमची नाचणी रानडुकरे खातात आणि तुम्ही त्यांच्यासाठी कुरणे करा म्हणता, असा आक्षेप डोंगराकडचा शेतकरी घेईल. त्याची नुकसानी खरी आहे आणि तिची भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. तथापि रानडुकराला दिवसा दडण्यास जागा लागते, आणि शेताच्या कडेला माजलेली घाणेरीची जाळी ती पुरविते. म्हणून साफसफाईचा आरंभ गावाच्या बांधाला लागून असलेल्या उतारांपासून करावा. तेथे गवत आले तर त्याची कापणी गावातील गुरांसाठी, ठरलेल्या वाट्याने, खुली ठेवावी. राखणदारीही मग गावच करील.

यासाठी नवे खाते किंवा नवी समिती नको. कुरणांच्या कामाची मंजुरी पाच वर्षांची एकत्र द्यावी, त्या त्या वर्षाची रक्कम ज्येष्ठ संपण्यापूर्वी वनपरिक्षेत्रापर्यंत पोहोचवावी, आणि कामाचे मोजमाप कापलेल्या हेक्टरांवर न करता पुढील श्रावणात त्याच जागी किती टाकळा उगवला आणि किती गवत आले, यावर करावे.