जमिनीचा दशांश



दशांशाचा विषय निघाला की आपण मलाखीचा तिसरा अध्याय उघडतो. देव आपल्याच लोकांवर चोरीचा आरोप ठेवतो, दहावा हिस्सा भांडारात आणा म्हणतो आणि मग आकाशाची दारे उघडण्याचे वचन देतो. आपल्या प्रवचनांत हा उतारा येतो तो बहुधा दानाच्या पाकिटाबरोबर. पण ज्यांना तो पहिल्यांदा ऐकवला गेला ते शेतकरी होते. त्यांच्या लेखी आकाश उघडणे म्हणजे पाऊस पडणे, दुसरे काही नाही. पुढच्याच ओळींत शेतातल्या पिकाचा आणि द्राक्षवेलीचा उल्लेख आहे, तो आपण घाईत वाचून टाकतो.

हे आज लिहिण्याचे कारण साधे आहे. यंदाच्या उपवासकाळात जमणाऱ्या निधीतून काही कुटुंबांच्या शेततळ्यांना प्लास्टिकचा कागद घेऊन द्यावा, असा प्रस्ताव आमच्या धर्मग्रामात आला आहे. वर्गणीच्या पत्रकावर त्याला ‘जलसंधारण’ म्हटले आहे. माझा विरोध आहे. बैठकीत बोलायला तीन मिनिटे मिळतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

दशांश जमिनीतून द्यायचा, ही कल्पना माझी नव्हे. ती माळव्यात, देवास जिल्ह्यातल्या टोंकखुर्द तालुक्यात प्रत्यक्ष उतरलेली आहे आणि तिथे तिचा बायबलशी काही संबंध नव्हता. देवास म्हटले की आपल्याला पवारांचे संस्थान आठवते, कुमार गंधर्व आठवतात. पाण्यासाठी मात्र हे नाव वेगळ्याच गोष्टीने गाजले. १९९० च्या उन्हाळ्यात या शहराला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले. माळवा म्हणजे पावलापावलावर पाणी अशी ज्या मुलखाची ख्याती, तिथली ही गत. पाऊस कमी झाला होता म्हणावे, तर देवासला सरासरी सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या नगरकडच्या दुष्काळी तालुक्यांच्या तो जवळपास दुप्पट आहे. मग पाणी गेले कुठे? कूपनलिकांतून वर आले आणि संपले. एक आटली की दुसरी, दुसरी आटली की आणखी खोल. खाली आपल्यासारखाच काळा पाषाण. त्याच्या भेगांत जेवढे पाणी मावते तेवढेच मावते. खोल गेल्याने ते वाढत नाही, फक्त शेजाऱ्याच्या आधी आपल्या हाती लागते.

२००६ मध्ये तिथले जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांपुढे एक हिशेब मांडला. जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्याला द्या. उरलेल्या नऊ हिश्शांत दोन पिके निघतील. सुरुवात मोठ्या शेतकऱ्यांपासून केली, कारण सर्वांत जास्त कूपनलिका त्यांच्याच होत्या आणि ट्रॅक्टरही त्यांच्याकडेच होते. पहिली तळी शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने खोदली. अनुदानाची बलराम तालाब योजना नंतर आली. मोहिमेचे नाव भागीरथ कृषक अभियान. तळ्याला रेवासागर म्हणायचे, रेवा म्हणजे नर्मदा. टोंककलां, धतुरिया, गोरवा अशा गावांत शेताच्या सखल कोपऱ्यात ही तळी झाली आणि पुढे जिल्हाभर त्यांची संख्या हजारांत गेली. पावसाळ्यात शिवारातून वाहून जाणारे पाणी त्यांत अडते, काळ्या मातीत टिकते, थोडे मुरते आणि हिवाळ्यात गहू-हरभऱ्याला मिळते. जिथे सोयाबीननंतर रान पडीक राहायचे, तिथे दुसरे पीक उभे राहिले.

या गोष्टीला मी उगाच सोन्याचा मुलामा देणार नाही. ज्याला जमीनच नाही त्याने दहावा हिस्सा कशाचा द्यायचा? आपल्या धर्मग्रामातल्या निम्म्या घरांना हा प्रश्न लागू आहे आणि टोंकखुर्दच्या तळ्यांनी तो सोडवलेला नाही. पण त्या तळ्यांची एक गोष्ट निर्विवाद आहे. त्यांत आलेले पाणी आकाशातून आले. ते कुणाच्या विहिरीतून काढलेले नव्हते.

आता आपल्याकडचे शेततळे पाहू. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल, उतरत्या बाजू. यात साधारण २० लाख लिटर पाणी बसते. तळाला आणि बाजूंना प्लास्टिक, म्हणजे एक थेंब मुरायला नको. आता पावसाचे गणित मांडा. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एका एकरावर पडणारे सगळे पाणी होते सुमारे २० लाख लिटर. सगळे! त्यातले बरेच माती पिते, काही उडून जाते. पाचवा हिस्सा वाहून आला असे मानले, तरी हे एक तळे पावसाने भरायला पाच एकरांचे वाहते पाणी वळवून आणावे लागेल. आणि आपण बांधतो ते तळे चहूबाजूंनी उंच भराव घातलेले. शिवारातले पाणी आत शिरणार कुठून? दोन एकरवाल्याचे तळे जानेवारीत काठोकाठ भरलेले दिसले, तर ते कशाने भरले हे सांगायला संदेष्टा लागत नाही. काठावरचा बोअरवेलचा पाइप सगळ्यांना दिसतो.

ही केवळ माझी कुरकुर नाही. २०१६ मध्ये राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाली आणि त्यानंतर अभ्यासकांनी हेच दाखवून दिले की महाराष्ट्रातली कितीतरी शेततळी पावसाचे पाणी धरण्याऐवजी भूजल उपसून साठवण्यासाठी वापरली जातात. पाणी जमिनीखाली होते तेव्हा ते सर्वांच्या विहिरींचे होते. वर आणून कुंपणात ठेवले की एकाचे झाले. शिवाय जमिनीखालचे पाणी सूर्याला दिसत नाही, वर आणलेले दिसते. ऐन उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर जरी उडाले, तरी ९०० चौरस मीटरच्या त्या तळ्यातून रोज ५,४०० लिटर पाणी हवेत जाते. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने हे जवळजवळ शंभर माणसांचे पाणी झाले. त्याच गावाच्या वेशीवर मार्चपासून टँकर उभा असतो आणि हंडा घेऊन रांगेत कोण असते, हे मी सांगायला नको.

यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात परमेश्वर धष्टपुष्ट मेंढरांना खडसावतो: तुम्ही स्वच्छ पाणी प्यालात हे पुरे नव्हते का, की उरलेले पायांनी गढूळ करून दुबळ्यांसाठी ठेवावे? निदान त्या मेंढरांनी गढूळ का होईना, पाणी मागे ठेवले होते.

यावर मला काय उत्तर मिळणार, ते ठाऊक आहे. डाळिंबाची बाग कर्ज काढून लावलेली असते, एक उन्हाळा पाणी चुकले की पाच वर्षांची मेहनत सरपणाला जाते. खरे आहे. बागवाला माझा शत्रू नाही. त्याच्या घरी मी जेवलेली आहे. पण त्याची अडचण खरी असली म्हणून त्याच्या तळ्याला जलसंधारण म्हणता येत नाही. ती साठवण आहे. कर्जाने, अनुदानाने, स्वतःच्या हिमतीवर त्याने ती करावी, कायदा पाळून करावी. (राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानुसार शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे, हे बोअरची गाडी बोलावताना कुणाला आठवते?) मात्र शुक्रवारी एक जेवण सोडून म्हाताऱ्या बायांनी पेटीत टाकलेले पैसे तिथे जाऊ नयेत. त्या बायांच्याच हातपंपाचे पाणी त्या तळ्यात जाते.

दुसरे उत्तर असे की पाऊस देवाच्या हातात आहे, आपण प्रार्थना करावी. जरूर करावी. पण पावसासाठी मिस्सा मागणाऱ्यांनी पडलेल्या पावसाचे काय केले, हा प्रश्न वेदीपाशी येणारच.

आपल्याला हे शिकायला खरे तर माळव्यातही जायची गरज नव्हती. स्वित्झर्लंडमधून १९४८ मध्ये भारतात आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर आयुष्याची कित्येक दशके आपल्या नगर जिल्ह्याच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर राबले. पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे, आधी डोंगर मग नाला. गावाचे श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे मान्य असेल तरच काम सुरू. १९९३ मध्ये ‘वॉटर’ संस्था उभी राहिली ती याच रीतीवर. आणि नगरच्याच हिवरे बाजारने त्यापुढची पायरी दाखवली: पाणी अडवले, पण शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही असाही नियम केला, आणि पिके ठरवण्याआधी पाण्याचा ताळेबंद गावासमोर वाचला जाऊ लागला. २०२१ मध्ये फादर बाखर गेले तेव्हा आपण सर्वांनी त्यांचे फोटो पुढे पाठवले. त्यांचा नियम पुढे पाठवणे जड जाते, कारण त्यात कुणाला तरी काहीतरी घेऊ नको असे सांगावे लागते.

म्हणून माझी सूचना अशी. यंदाचा निधी प्लास्टिकला न देता वाडीच्या वरच्या अंगाला, गायरानाच्या उतारावर समतल चर खोदायला द्यावा. मजुरी आपल्याच भूमिहीन घरांना मिळेल आणि मुरलेले पाणी खालच्या सार्वजनिक विहिरीला लागेल. ज्यांची पाच एकरांहून जास्त जमीन आहे, अशी आपल्यात मोजकीच घरे आहेत. त्यांनी सखल कोपरा पावसाच्या तळ्यासाठी सोडावा, कागदाविना. दहावा हिस्सा जड वाटत असेल तर विसाव्यापासून सुरुवात करावी. आणि नव्या तळ्याला आशीर्वाद देण्यासाठी फादरांना बोलावणे आले, तर आम्ही स्वयंसेवकांनी आधी एकच गोष्ट विचारावी: पाणी कुठून आणणार?

बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या हॉलमध्ये आहे. ज्यांच्या विहिरी गेल्या मे महिन्यात आटल्या, त्यांनी जरूर यावे, आणि विहीर कोणत्या आठवड्यात आटली ते कागदावर लिहून आणावे.