पायपीट : मुसीच्या काठाने

गेल्या खेपेस गोवळकोंड्याची वाट सांगताना आम्ही मुसी नदीची बोळवण 'गटार' या एका शब्दात केली होती. लेखणीच्या ओघात तसे लिहून गेले, असे म्हणून सुटका करून घेता आली असती. पण शालीबंड्यात नांदलेल्या आणि आता बरकतपुऱ्यात नातवंडांकडे राहणाऱ्या एका वयोवृद्ध भगिनींनी आम्हांस पोस्टकार्ड पाठवून ती वाट बंद केली. त्या लिहितात, "मास्तर, आपण मुलांना शिकविता. आमच्या आजेसासऱ्यांच्या घरची तीन माणसे या नदीने एका दिवसात नेली. सासूबाई नवरात्रात घटापाशी एक पणती जास्तीची लावीत, ती त्यांची. गटाराला कोणी पणती लावीत नाही. एकदा काठाने चालून पाहा, मग काय लिहायचे ते लिहा."

शिक्षकास गृहपाठ मिळण्याचा योग विरळा. आम्ही तो मुकाट्याने केला. या महिन्याच्या दोन सहली त्यातून निघाल्या. दोन्ही सिटी बसने साधणाऱ्या, दोन्ही साठीच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या.

पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही उभयता कोठीच्या थांब्यावर हजर झालो. बसचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. आपल्या शहरातील सरकारी बसची परंपरा १९३२ सालची. निजामाच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी ती सुरू केली. या गाड्यांच्या क्रमांकात 'झेड' हे अक्षर असते ते शेवटच्या निजामाच्या मातोश्री जहरा बेगम यांच्या स्मरणार्थ, असे जुने लोक सांगतात. एका मातोश्रींच्या नावाचे अक्षर मिरविणाऱ्या या गाड्यांतून ९ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील समस्त स्त्रीवर्ग विनामूल्य प्रवास करतो. परिणामी आमच्या सौभाग्यवती ओळखपत्र दाखवून शून्य रुपयांचे तिकीट घेतात आणि आम्ही सुट्ट्या पैशांसाठी खिसे चाचपतो. भगिनींनी ओळखपत्र मात्र विसरू नये. बसचे क्रमांक आम्ही मुद्दाम देत नाही, ते बदलतात. कोठी किंवा अफझलगंज येथे "पुरानापूल?" एवढे विचारले की चार जण गाडी दाखवितात.

पुरानापूल येथे उतरावे. हा पूल इब्राहीम कुतुबशहाने १५७८ साली बांधला. म्हणजे चारमिनार आणि हैद्राबाद शहर यांच्याहून तो तेरा वर्षांनी मोठा. आधी पूल आणि मग शहर, असा हा उलटा संसार आहे. राजपुत्र महंमद कुली भागमतीच्या भेटीसाठी भर पुरात घोडा घालीत असे, म्हणून बापाने पूल बांधला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. ती खरी असो वा नसो, गोवळकोंड्याच्या गर्दीला आणि व्यापाराला नदी ओलांडण्याची गरज होती एवढे निश्चित. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने सतराव्या शतकात हा पूल पाहून त्याची तुलना पॅरिसच्या पुलाशी केली. आज मोठी वाहने शेजारच्या नव्या पुलावरून धावतात आणि या वृद्ध कमानींवर भाजीबाजार भरतो. सौभाग्यवतींनी तेथे गोंगुऱ्याच्या दोन जुड्या घेतल्या. त्या पुढे दोन तास आमच्या पिशवीत होत्या. अनुभवाचा बोल असा की, भाजी परतीच्या वाटेवर घ्यावी.

पुलावरून नदी पाहिली. वास येतो, हे आम्ही लपवीत नाही. पण पात्राची रुंदी डोळ्यांनी मोजा आणि खालच्या पाण्याची रेघ पाहा. एवढ्याशा पाण्यासाठी कोणी एवढा पूल बांधीत नाही. पूल बांधणाऱ्यास ही नदी कोण आहे ते माहीत होते. विसरलो ते आपण.

पुलावरून दक्षिण काठाने पूर्वेकडे निघावे. पेटलाबुरुज, सिटी कॉलेज आणि मग लाल-पांढऱ्या घुमटांचे उच्च न्यायालय अशी ही वाट आहे. सिटी कॉलेजची इमारत १९२१ ची, न्यायालयाची १९२० ची. या भव्य वास्तू याच काळात नदीकाठी एकामागून एक उभ्या राहिल्या, कारण १९०८ च्या पुरानंतर नदीकाठाची सारी आखणीच नव्याने झाली. नयापुलावरून उत्तर काठास आले की डाव्या हातास उस्मानिया इस्पितळ. पुरानापुलापासून येथवर रमतगमत तास-सव्वा तास लागतो. आवारात दारवानाला चिंचेचे झाड विचारावे. इस्पितळ आहे याचे भान ठेवून, आवाज न करता जावे.

त्या झाडापाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. २८ सप्टेंबर १९०८, नवरात्राचे दिवस. वरच्या खोऱ्यात अतोनात पाऊस होऊन दोनशेहून अधिक तलाव फुटले. एकाचे पाणी खालच्यात, खालच्याचे त्याच्या खालच्यात, असे ते सारे मिळून शहरावर आले. सुमारे १५,००० माणसे गेली असे सांगतात. उर्दू कवी अमजद हैद्राबादी यांनी आई, पत्नी आणि मुलगी अशी सारी आपली माणसे त्या पुरात गमावली व ते एकटे वाचले. या चिंचेच्या फांद्यांना धरून सुमारे दीडशे जीव तगले. सहावे निजाम महबूब अली खान यांनी आपले वाडे आश्रितांसाठी उघडले आणि नदीकाठी येऊन हिंदू रीतीने मुसीची ओटी भरली, असेही सांगतात. दरवर्षी २८ सप्टेंबरला काही मंडळी या झाडाखाली अजून जमतात. पणतीचा अर्थ आम्हांस तेथे कळला.

येथून घरी परतण्यासाठी अफझलगंजला सर्व दिशांच्या बसगाड्या मिळतात. पूर्वेस पाहिले तर नदीच्या पात्रातच आपले मोठे बसस्थानक दिसते : इमलीबन. इमलीबन म्हणजे चिंचेची बाग. दसऱ्याला नांदेड-औरंगाबादकडे जाणारी आपली किती कुटुंबे तेथून गाडी धरतात! २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, पुन्हा नवरात्रातच, मुसीचे पाणी त्या स्थानकात शिरले. प्रवासी फलाटांवर अडकले आणि गाड्या दुसरीकडून सोडाव्या लागल्या. एकशे सतरा वर्षांनी नदीने आपला पत्ता पुन्हा कळविला.

आता एक गोष्ट, जी लिहावी की नाही याचा आम्ही आठवडाभर विचार केला. आमच्या शाळेत सातवीला एक मुलगा होता. घर चादरघाटाजवळ, नदीला लागून. गणितात तल्लख, अक्षर भयंकर. २०२४ च्या सप्टेंबरात नदीपात्रातील घरांवर तांबड्या रंगाने खुणा झाल्या तेव्हा त्याच्याही भिंतीवर अक्षरे उमटली. त्याच सुमारास भूगोलाच्या तासाला आम्ही वर्गात म्हणालो, "नदीच्या पात्रात घर बांधू नये, एवढे साधे शहाणपण माणसास असावे." तो उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "सर, पाणी येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, तर तिथे वीज आणि नळ का दिले? आजोबांनी वीस वर्षं घरपट्टी भरली." आम्ही "बस खाली" म्हणालो. दुसरे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

दिवाळीपूर्वी त्याचे वडील शाळा सोडल्याचा दाखला नेण्यास आले. शहराच्या दुसऱ्या टोकाला सरकारने दोन खोल्यांचे घर दिले होते. तेथून आमची शाळा दोन बस बदलून दीड तासावर. दाखल्यावर 'स्थलांतर' असे कारण लिहून आम्ही सही केली. गेल्या सप्टेंबरात त्यांच्या जुन्या गल्लीत पाणी भरल्याचे ऐकले तेव्हा पहिला विचार आला तो हा की, बरे झाले, पोरगा तेथे नव्हता. दुसरा विचार आला तो हा की, त्याच्या बापाची हातगाडी जुन्या गिऱ्हाइकांसह येथेच राहिली. दोन्ही विचार खरे आहेत. एकाने दुसरा खोडला जात नाही. त्या दिवशी वर्गात बोललेले वाक्य मात्र आम्हांस आज परत घ्यावेसे वाटते. नदीला गटार म्हणणारे आणि नदीकाठच्या माणसाला अडाणी म्हणणारे आम्ही एकच.

दुसरी सहल गंडीपेटची. पहिल्या सहलीत प्रश्न पाहिला, तर दुसरीत त्याचे उत्तर पाहावे. मेहदीपटनमहून गंडीपेटकडे सिटी बस जाते. थोडा वेळ वाट पाहण्याची तयारी मात्र ठेवावी. लंगरहौजला बापूघाटापाशी मुसी आणि इसी या दोन धारांचा संगम आहे. गांधीजींच्या अस्थी १९४८ साली तेथे विसर्जित झाल्या. वाटेत उतरण्यास ही जागा चांगली.

पुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले आणि १९०९ साली ते येथे दाखल झाले. ते मूळचे म्हैसूरचे खरे, पण स्थापत्य शिकले पुण्यास, नोकरी केली मुंबई इलाख्यात, आणि त्यांची स्वयंचलित दारे प्रथम बसली ती खडकवासल्याला. तेव्हा त्यांच्यावर आपलाही थोडा हक्क पोहोचतो! त्यांनी सुचविले ते थोडक्यात असे : नदीला शहरात अडवू नका, शहराच्या वर अडवा. दोन्ही धारांवर मोठी धरणे बांधा, पूर त्यांत साठवा आणि खालची नदी पेलू शकेल इतकेच पाणी सोडा. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर १९२० साली आणि इसीवर हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. गंडीपेट म्हणजेच उस्मानसागर.

यातील मर्म मुलांना आम्ही तांब्याच्या उदाहरणाने सांगतो. तांब्या रिकामा असेल तरच नळाचे पाणी त्यात मावेल. काठोकाठ भरलेला असेल तर येणारा प्रत्येक थेंब बाहेर सांडेल. या धरणांतील पाण्यावर शहराची तहानही भागली. तहानेसाठी धरण भरलेले हवे आणि पुरासाठी रिते हवे. या दोहोंचा मेळ ज्या वर्षी अवेळी पावसाने बसत नाही, त्या वर्षी दारे उघडावी लागतात आणि पाणी चादरघाटापर्यंत जाते.

काठाशेजारी बाग आहे. तेथे तासभर चालावे, दशम्या-चटणी खावी, वारा घ्यावा. दारे उघडली असतील त्या दिवसांत मात्र जाऊ नये. ऊन येथे नऊ वाजताच तापते; टोपी, पाण्याची बाटली आणि जुनी वहाण जवळ असावी. नवी वहाण घालून निघालेल्या गृहस्थाची कथा मागे एकदा सांगितली आहेच. ते गृहस्थ आम्हीच होतो.

परतीच्या बसमध्ये सौभाग्यवतींनी विचारले, "त्या मुलाचा पत्ता आहे का हो तुमच्याकडे?" दाखल्याच्या नोंदवहीत तो होता. सोमवारी आम्ही पोस्टकार्ड टाकले : पुढच्या महिन्यात मुसीचा उगम पाहण्यास अनंतगिरीला जाणार आहोत, विकाराबादपर्यंत बस आहे, वडिलांची परवानगी असेल तर इमलीबनला सकाळी सहाला ये, तिकीट आमच्याकडे. या मजकुराला 'बस खाली' हे उत्तर नव्हे, एवढे तरी त्याला कळावे.

दहा दिवसांनी उत्तर आले. अक्षर तसेच भयंकर. "येतो. आजीपण येते म्हणते. तिला तिकीट लागत नाही."

तेव्हा पुढील खेपेस अनंतगिरी. बरकतपुऱ्याच्या भगिनींनीही यावे, अशी विनंती या पानावरून करीत आहोत. त्यांनाही तिकीट लागत नाही.