त्या पाच सेकंदांचा हिशेब द्या

परवा आपल्या पालिकेच्या नाट्यगृहात गावातल्याच हौशी पोरांचा प्रयोग झाला. शेवटी बाप दारात कोसळतो आणि त्याच क्षणी अंधार. तालमीत ठरलेलं होतं: पडायचं, मनात तीन मोजायचे, उठून विंगेत जायचं. तो पडला, त्याने तीन मोजले आणि उठला. पण अंधार झालाच नव्हता. लाईट आरामात विझत होते. मेलेला बाप अर्ध्या उजेडात पायजमा सावरत चालताना सगळ्या गावाने पाहिला. जो हशा पिकला, तो त्या पोरांच्या दोन महिन्यांच्या तालमीवर पिकला.

सकाळी व्हॉट्सॲपवर निकाल लागला होता, 'लाईटवाल्याने घाण केली.' म्हणून हे लिहितोय. मी त्याच्या मागच्याच रांगेत होतो. बाप पडला तेव्हा पोराचं बोट बटणावर होतं. बटण वेळेवर दाबलं गेलं, मंडळी.

मग झालं काय? जुन्या डिमर बोर्डवर दांडी हाताने खाली ओढली की अंधार व्हायचा. वेळ माणसाच्या हातात होता. नव्या कन्सोलवर तसं नाही. तिथे प्रत्येक प्रसंगाचा उजेड क्यू म्हणून नंबर देऊन साठवतात आणि प्रत्येक क्यूला वेळ द्यावा लागतो. येणारा उजेड किती सेकंदांत चढेल, जाणारा किती सेकंदांत उतरेल, पुढचा क्यू आपोआप सुटेल की बटणाची वाट बघेल. जाणारा उजेड भरभर उतरवला आणि येणारा सावकाश चढवला, तर मध्येच रंगमंच काळवंडतो. हे कागदावर कळत नाही, नटांना उभं करून बघावं लागतं. आणि वेळ दिलाच नाही, तर मशीन स्वतःच्या मनाचा देतं. आपल्या मशीनमध्ये तो पाच सेकंद आहे. पहाट होवो, भांडण होवो, बाप मरो, पाच सेकंद.

प्रयोगात बेचाळीस क्यू होते. नाट्यगृहाचा ताबा पोरांना मिळाला प्रयोगाआधी तीन तास. त्यात सेट लावा, शिडी लावून लाईट फिरवा, माईक बघा. क्यूंना उरली जेमतेम पाऊण तास. पहिल्या अंकाचे वेळ भरून झाले, तोवर वॉचमन दार उघडायला आला. त्यात घाईत बारावा क्यू दुरुस्त केला, तर ती दुरुस्ती पुढच्या चार क्यूंमध्ये घुसली. ह्या कन्सोलवर बदल पुढे वाहत जातो, तो तिथल्या तिथे रोखायची वेगळी पद्धत आहे. ती पोराला सांगणार कोण? नाट्यगृहाचा ऑपरेटर कंत्राटी. मशीन आलं तेव्हा कंपनीचा माणूस अर्धा दिवस थांबला, उद्घाटनाचे रंगीत लाईट फिरवून दाखवले आणि गेला. (त्या उद्घाटनाची फोटोसकट बातमी मीच लिहिली होती. 'अत्याधुनिक' हा शब्द माझाच. हे चालवणार कोण, असं तेव्हा विचारलं नाही, ही माझीही चूक.)

एक माजी नगरसेवक म्हणाले, 'हौशी नाटकाला एवढे लाड कशाला?' साहेब, राज्य नाट्य स्पर्धेत हौशी नाटकंच उतरतात आणि तिथे प्रकाशयोजनेला वेगळं बक्षीस असतं. तिथला परीक्षक 'आमच्याकडे वेळ नव्हता' म्हणून गुण देत नाही. आणि लाडच म्हणत असाल, तर वर्षातले कितीतरी दिवस हे नाट्यगृह सत्कार समारंभांना दिलं जातं. तिथे एकच क्यू लागतो: सगळे लाईट चालू. त्यासाठी लाखांचं मशीन कशाला हवं होतं? ट्यूबलाईट पुरली असती.

मागणी फार मोठी नाही. प्रयोगाच्या आदल्या रात्री चार तास नाममात्र भाड्यात तांत्रिक तालमीला द्या. ऑपरेटरला रीतसर शिकायला पाठवा, आणि शिकून आल्यावर कंत्राट संपलं म्हणून घरी बसवू नका. साठवलेले क्यू पोरांना पेन ड्राइव्हवर नेऊ द्या. सध्या पुढचा कार्यक्रम आला की पुसले जातात आणि दुसऱ्या प्रयोगाला पुन्हा एकपासून सुरुवात.

सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. कन्सोलच्या निविदेत प्रशिक्षणाची अट होती का, असेल तर किती दिवसांची, आणि ते कुणाला दिल्याची नोंद आहे, एवढंच विचारलंय. गेल्या वर्षभरात ज्यांनी इथे प्रयोग केलेत, त्यांनी ताबा किती तास आधी मिळाला ते खाली लिहा. तारखेसकट लिहा, अर्जासोबत जोडतो.

आणि त्या लाईटवाल्या पोराला कुणी ग्रुपमधून काढलं असेल, तर आजच परत घ्या. पुढच्या महिन्यात दुसरा प्रयोग आहे आणि ते मशीन थोडंफार कळणारा गावात सध्या तो एकटाच आहे.